"दिशा दिसत नाही": समुपदेशक-शिक्षणातल्या एका असिस्टंट प्रोफेसरचं प्रकरण

अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या सार्वजनिक विद्यापीठात, समुपदेशक घडवणाऱ्या विभागात एक प्राध्यापिका असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झाल्या. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस आढावा समितीचं पत्र आलं. अध्यापनाबद्दल भरभरून कौतुक. विभागीय कामाबद्दल 'उल्लेखनीय' असा शेरा. संशोधनाबद्दल मात्र चारच ओळी: लेखन होत आहे, पण त्यात दिशा दिसत नाही, टेन्युअरच्या, म्हणजे कायम नेमणुकीच्या, अर्जापर्यंत सुसूत्र संशोधन दाखवावं लागेल. अर्ज सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा, म्हणजे हाती दोन वर्षं आणि एक उन्हाळा.

हे प्रकरण एकाच व्यक्तीचं नाही. अशा विभागांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून ते उभं केलं आहे, त्यामुळे कुणाला ओळखण्याचा प्रयत्न करू नये. पीएचडी करून या क्षेत्रात अध्यापनाकडे वळू पाहणाऱ्यांना ते उपयोगी पडावं एवढाच हेतू.

विभागाचं काम आणि त्याची घडण

समुपदेशक-शिक्षण ही मानसशास्त्राची उपशाखा असावी असा बाहेरच्यांचा समज असतो. अमेरिकेत तिची वाट वेगळी आहे. सोव्हिएत संघाने 1957 मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने 1958 मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि त्या पैशातून शालेय समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला मोठा रेटा मिळाला. म्हणून आजही हे विभाग बहुतेक ठिकाणी शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयात असतात. या विषयाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केकरेप ही संस्था 1981 मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार 2013 नंतर पूर्णवेळ मुख्य प्राध्यापक म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याकडे समुपदेशक-शिक्षणातलीच डॉक्टरेट असावी, असं ठरलं. त्याआधी मानसशास्त्रातले पीएचडीधारक सर्रास इथे शिकवत.

नियमावलीतले तास पाहिले की प्राध्यापकाचा दिवस कुठे जातो ते कळतं. 2016 च्या मानकांनुसार मास्टर्सच्या विद्यार्थ्याला प्रॅक्टिकमचे, म्हणजे देखरेखीखालच्या पहिल्या सरावाचे, 100 तास करावे लागतात, त्यातले 40 प्रत्यक्ष अशिलांसोबत, म्हणजे समुपदेशन घेणाऱ्यांसोबत. मग इंटर्नशिपचे 600, त्यातले 240 प्रत्यक्ष. शिवाय दर आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा त्रयी सुपरव्हिजन, म्हणजे पर्यवेक्षकाबरोबर बसून आपल्या सत्रांची चर्चा, आणि दीड तास गटातलं. त्रयी म्हणजे एक पर्यवेक्षक आणि दोन विद्यार्थी. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक शाळा किंवा क्लिनिक, तिथला एक पर्यवेक्षक, एक करारपत्र, विम्याचा कागद आणि सत्राच्या मध्यात एक फोन. हे सगळं जुळवणारा माणूस म्हणजे प्रॅक्टिकम-इंटर्नशिप समन्वयक. आपल्या प्राध्यापिकांना हे पद रुजू झाल्यानंतर दुसऱ्याच सत्रात मिळालं, तेही अध्यापनाचा एकही तास कमी न करता. दर सत्रात तीन कोर्स, त्यावर समन्वय, त्यावर केकरेपच्या पुनर्मान्यतेसाठीच्या स्वयं-अहवालातला मूल्यमापनाचा भाग.

'उल्लेखनीय' या शेऱ्याने त्या सुखावल्या होत्या. मला मात्र असे शेरे वाचताना धडकी भरते. पहिल्या तीन वर्षांत एखाद्याचं विभागीय काम उल्लेखनीय ठरतं, तेव्हा ते बहुधा वरिष्ठांनी टाळलेलं काम असतं.

विखुरलेपणा आला कुठून

त्यांचा पीएचडीचा प्रबंध शालेय समुपदेशकांच्या भूमिकेतल्या संदिग्धतेवर होता. समुपदेशक म्हणून नेमायचं आणि प्रत्यक्षात परीक्षांचं नियोजन, वेळापत्रक, बदली शिक्षकाचं काम करून घ्यायचं, हा अमेरिकी शाळांतला जुना रोग. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते, पण त्या एकाने दिवसभर काय करायचं हे मुख्याध्यापकाच्या मर्जीवर राहतं. प्रबंध चांगला होता. त्यातून एक लेख राज्य संघटनेच्या नियतकालिकात आला आणि तो धागा तिथेच थांबला.

पुढचं सगळं बोलावण्यावरून झालं. जुन्या गाइडने बोलावलं म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्यावर एक सह-लेखन. 2020 मध्ये सगळं ऑनलाइन गेलं म्हणून दूरस्थ प्रॅक्टिकमवर एक वैचारिक लेख. ओळखीच्या संपादकाला हवं होतं म्हणून शोकावर पुस्तकातलं एक प्रकरण. समुपदेशक-शिक्षण आणि सुपरव्हिजनच्या संघटनेचं राष्ट्रीय अधिवेशन विषम वर्षी भरतं आणि सम वर्षी पाच प्रादेशिक अधिवेशनं होतात. त्यांत दरवेळी काहीतरी सादर करायचं म्हणून बहुसांस्कृतिक क्षमतेवर दोन सादरीकरणं. विभागाच्या पानावर त्यांच्या नावाखाली 'संशोधनातली रुची' म्हणून सहा गोष्टी लिहिलेल्या होत्या. त्या सहाही खऱ्या होत्या. पण ती यादी त्या कुठे कुठे जाऊन आल्या हे सांगत होती. त्यांना नेमका कुठला प्रश्न पडला आहे हे त्यातून कळायला मार्ग नव्हता.

इथे समितीच्या पत्राबद्दल थोडं बोललं पाहिजे. पत्रात वर्णन केलेला विखुरलेपणा खरा होता, पण समितीने तो त्यांच्या स्वभावाचा दोष असावा तसा मांडला. या विभागात पीएचडीचा कार्यक्रम नाही, म्हणजे संशोधन-सहायक नाहीत, प्रबंधाचे विद्यार्थी नाहीत. मोठ्या संशोधन-विद्यापीठात त्यांच्या बरोबरीच्या लोकांना सत्राला दोन कोर्स असतात आणि मुलाखती उतरवून द्यायला दोन हुशार विद्यार्थी. अशा परिस्थितीत दुसऱ्याच्या चालू गाडीत बसणं हाच लेख छापून आणण्याचा स्वस्त मार्ग उरतो, आणि त्या गाड्या वेगवेगळ्या दिशांना जातात.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. टेन्युअर सोडून क्लिनिकल प्राध्यापकाच्या पदावर यायचं, जिथे संशोधनाची अट सैल असते पण नोकरी कराराची. विद्यापीठच सोडून परवान्याच्या जोरावर खासगी प्रॅक्टिस करायची. त्यांच्याकडे व्यावसायिक समुपदेशकाचा परवाना होताच. किंवा दोन वर्षांत एक धागा उभा करायचा. क्लिनिकल पदाचा त्यांनी गंभीरपणे विचार केला, आणि तो पर्याय कमीपणाचा मानण्याचं काही कारण नाही. शेवटी त्यांनी तिसरी वाट निवडली.

धागा सापडला तो चिडचिडीत

संघटनेतून ओळख झालेल्या, दुसऱ्या विद्यापीठातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना त्यांनी रुचींची यादी पाठवली आणि यातलं काय ठेवू, असं विचारलं. ज्येष्ठांनी यादी बाजूला ठेवली आणि उलटा प्रश्न केला: या सत्रात सुपरव्हिजनमध्ये तुमची सगळ्यात जास्त चिडचिड कशावरून झाली?

उत्तर तयारच होतं. माध्यमिक शाळेत इंटर्नशिप करणारी एक विद्यार्थिनी. शाळेतल्या पर्यवेक्षिकेने तिला सांगितलं होतं, एका मुलाला तीन-चार वेळांपेक्षा जास्त भेटायचं नाही, वर्ग बुडतात, मुख्याध्यापकांना चालत नाही. विद्यापीठात रेकॉर्डिंग ऐकून तिला सांगितलं जात होतं, मूल आत्ता कुठे बोलायला लागलंय, थांबू नकोस. दोघींचं म्हणणं आपापल्या जागी रास्त. विद्यार्थिनीने मधला मार्ग काढला: शाळेत सांगितलं नाही की ती मुलाला जेवणाच्या सुट्टीत भेटते, आणि विद्यापीठात सांगितलं नाही की शाळेने मनाई केली आहे. महिनाभराने दोन्हीकडे एकदमच उघडकीला आलं.

विद्यार्थी सुपरव्हिजनमध्ये गोष्टी लपवतात हे नवीन नाही. निकोलस लडानी आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रशिक्षणार्थींना विचारलं, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनीच काही ना काही लपवल्याचं मान्य केलं होतं. पण प्राध्यापिकांच्या कामाला वळण लागलं ते त्याआधीच्या एका अभ्यासामुळे. 1992 मध्ये ऑल्क आणि फ्रीडलँडर यांनी सुपरव्हिजनमधला भूमिका-संघर्ष आणि भूमिका-संदिग्धता मोजणारी 29 विधानांची प्रश्नावली तयार केली. संघर्ष म्हणजे दोन अपेक्षा एकमेकींना छेद देणं. संदिग्धता म्हणजे आपल्याकडून काय अपेक्षित आहे हेच न कळणं. नवख्यांना संदिग्धता जास्त छळते आणि अनुभवाबरोबर ती कमी होत जाते; संघर्षाचा त्रास जाणवतो तो पुढच्या टप्प्यावरच्यांना. ही प्रश्नावली एका विद्यार्थ्याच्या एका पर्यवेक्षकाशी असलेल्या नात्यासाठी केलेली आहे. इंटर्नला दोन असतात.

ज्येष्ठांनी एवढंच निदर्शनास आणलं की प्रबंधातला शब्द आणि या प्रश्नावलीतला शब्द एकच आहे. शाळेतला समुपदेशक मुख्याध्यापक आणि व्यवसायाची मूल्यं यांच्यामध्ये अडकतो. इंटर्न दोन पर्यवेक्षकांमध्ये. प्रश्न तयार झाला: दोन मालकांमध्ये उभा असलेला शिकाऊ समुपदेशक कुणाला काय सांगतो, काय गाळतो, आणि ते कशावरून ठरवतो?

या प्रश्नाचं बळ असं की समन्वयकाचं काम त्याला रोज खाद्य पुरवतं. करारपत्रं, सत्रमध्याचे फोन, पर्यवेक्षकांची ओळखसभा, हे सगळं आता वेळ खाणारं ओझं न राहता क्षेत्रकार्याच्या जवळ आलं. या विषयातल्या नव्या प्राध्यापकांना मी नेहमी हेच बघायला सांगतो: तुमचं न टळणारं काम कुठल्या प्रश्नाला धरून आहे? आवड त्यानंतर बघू.

आयआरबीने परत पाठवलेला अर्ज

इथे प्रकरण खऱ्या अर्थाने अवघड झालं, म्हणून थोडं सविस्तर.

प्राध्यापिकांची पहिली योजना सरळ होती. आपल्याच इंटर्नशिपच्या वर्गातले विद्यार्थी, त्यांच्या साप्ताहिक टिपणवह्या आणि सत्राच्या शेवटी मुलाखती. वर्गातल्या नेहमीच्या कामाचाच भाग असल्याने संशोधन-नैतिकता समितीकडून, म्हणजे आयआरबीकडून, पूर्ण छाननीशिवाय सूट मिळेल असा त्यांचा अंदाज होता. संमतीपत्रात त्यांनी अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या 2014 च्या आचारसंहितेत अपेक्षित आहे तसं स्पष्ट लिहिलं होतं की सहभागी होण्या-न होण्याचा गुणांवर किंवा सुपरव्हिजनच्या नात्यावर परिणाम होणार नाही. संमतीपत्रं सहकाऱ्याने गोळा करायची आणि गुण जाहीर होईपर्यंत लिफाफा उघडायचा नाही, ही नेहमीची खबरदारीही होती.

समितीने अर्ज परत पाठवला. दबावाचा मुद्दा होताच, पण तो लिफाफ्याने बराचसा सुटला असता. समितीच्या एका सदस्याने विचारलेला प्रश्न कुठल्याच लिफाफ्याने सुटणारा नव्हता: तुम्ही विद्यार्थ्यांना काय लपवलं असं विचारणार आहात. समजा एखाद्याने सांगितलं की अशिलाच्या बोलण्यात आत्महत्येचा सूर होता आणि तो मी दोन्ही पर्यवेक्षकांपासून लपवला, तर त्या क्षणी तुम्ही कोण असाल?

संशोधक म्हणून गोपनीयता पाळायची. पर्यवेक्षक म्हणून ताबडतोब अशिलाची सुरक्षितता पाहायची. आणि विभागाच्या गेटकीपिंग समितीवरच्या सदस्य म्हणून, म्हणजे अयोग्य विद्यार्थ्याला व्यवसायात शिरण्यापासून रोखण्याची जबाबदारी असलेली व्यक्ती म्हणून, त्या विद्यार्थ्याची सुधार-योजना सुरू करायची. ज्याने विश्वासाने सांगितलं त्याच्याच विरुद्ध ते सांगणं वापरायचं. भूमिका-संघर्षावरचं संशोधन करताना संशोधक स्वतः त्याच संघर्षाचा नमुना ठरत होती. (आयआरबीला नावं ठेवायची आपल्याला सवय असते. इथे त्यांनी प्रबंध-समितीपेक्षा चांगलं मार्गदर्शन केलं.)

नवी रचना अशी ठरली. आपल्या विभागातला एकही विद्यार्थी घ्यायचा नाही. दुसऱ्या राज्यांतल्या तीन विद्यापीठांतले इंटर्न, ज्यांच्या गुणांशी, शिफारसपत्रांशी किंवा परवान्याशी प्राध्यापिकांचा संबंध नाही. गोपनीयतेच्या मर्यादा संमतीपत्रात पहिल्याच पानावर: अशिलाच्या जिवाला चालू धोका असल्याचं समजलं तर ते कुणाला आणि कसं कळवलं जाईल. एका त्रिकुटातले तिघंही, म्हणजे इंटर्न, शाळेतला पर्यवेक्षक आणि विद्यापीठातला, बोलायला तयार असले तरी त्यांच्या मुलाखती लेखात शेजारी-शेजारी मांडायच्या नाहीत. कारण बाहेरच्या वाचकाला नावं कळणार नाहीत, पण शाळेतल्या पर्यवेक्षिकेने लेख वाचला तर आपल्या इंटर्नने आपल्याबद्दल काय सांगितलं हे तिला एका वाक्यात ओळखू येईल. या अटीमुळे अभ्यासातली सगळ्यात रंजक तुलना, एकाच प्रसंगाच्या तीन बाजू, हातची गेली. ती जाऊ देणं बरोबर होतं असं मला वाटतं. प्राध्यापिकांना आजही त्याची चुटपुट आहे.

हात कमी, म्हणून चौघांची टोळी

विश्लेषणासाठी त्यांनी सहमतीवर आधारित गुणात्मक पद्धत निवडली, क्लारा हिल आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मांडलेली. तीत निदान तिघांनी प्रत्येक मुलाखत स्वतंत्रपणे वाचायची, मग एकत्र बसून प्रत्येक उताऱ्याचा अर्थ वाद घालून ठरवायचा, आणि बाहेरच्या एका तपासनीसाने ते सगळं पुन्हा तपासायचं. पीएचडीचे विद्यार्थी नसलेल्या विभागात ही पद्धत निवडणं वेडेपणाच. त्यांनी आपल्यासारख्याच लहान विभागांतल्या दोन असिस्टंट प्रोफेसरांना बरोबर घेतलं; तपासनीस म्हणून ज्येष्ठ प्राध्यापक आले. पहिल्या लेखाचं पहिलं नाव प्राध्यापिकांचं, पुढच्या लेखांत पहिलं नाव बाकीच्या दोघांकडे फिरणार, हे सुरुवातीलाच लेखी ठरलं. तोंडी ठरलेल्या क्रमावरून मैत्र्या तुटलेल्या पाहिल्या आहेत.

वादाचा एक नमुना. एका इंटर्नने सांगितलं की शाळेतली पर्यवेक्षिका कायम घाईत असते, म्हणून ती विचारते तेव्हा मी 'सगळं ठीक' म्हणते आणि खरी अडचण विद्यापीठाच्या तासासाठी राखून ठेवते. एकीच्या मते ही सरळ लपवाछपवी. दुसऱ्याच्या मते हा पर्यवेक्षिकेच्या वेळेचा विचार. तास गेला. शेवटी तिघांनी तिसरा वर्ग केला: श्रोता निवडून सांगणं. पुढच्या मुलाखतींमध्ये तो वर्ग बहुतेकांकडे सापडला, आणि लेखाचा मुख्य निष्कर्ष त्याच्याभोवतीच उभा राहिला. दोन पर्यवेक्षक असलेला इंटर्न लपवतो कमी, वाटून जास्त सांगतो. आणि पूर्ण चित्र त्याच्याशिवाय कुणाकडेच नसतं.

काय सोडलं, काय मागितलं

शोकावरच्या प्रकरणाच्या नव्या आवृत्तीला त्यांनी नकार दिला. गाइडबरोबरच्या स्वास्थ्याच्या अभ्यासातूनही अंग काढलं, हातात वापरण्याजोगी माहिती असताना. यावर मतभेद होऊ शकतो. टेन्युअर समित्या गाइडबरोबरच्या लेखांकडे स्वतंत्र ओळख न झाल्याचं लक्षण म्हणून बघतात हे खरं, पण एक लेख पूर्ण करून मग थांबता आलं असतं. दूरस्थ प्रॅक्टिकमचा लेख मात्र त्यांनी उगाच अडगळीत टाकला. पडद्यावरून होणारं सुपरव्हिजन आणि शाळेत समोरासमोर होणारं सुपरव्हिजन, हा त्याच प्रश्नाचा एक पदर होता.

विभागप्रमुखांकडे मागणं त्यांना जास्त जड गेलं. विद्यापीठाच्या नियमांत आढाव्याच्या पत्राला लेखी उत्तर देण्याची सोय होती. बहुतेक लोक ती वापरत नाहीत, भांडखोर दिसू नये म्हणून. त्यांनी एका पानाचं उत्तर दिलं. तक्रार नाही, फक्त समन्वयकाच्या कामाचं वर्णन आणि एक मागणी: हे काम वर्षाला एक कोर्स धरलं जावं. ते मान्य झालं. स्वयं-अहवालाचं काम एका फुल प्रोफेसरांकडे, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतल्या प्राध्यापकांकडे, गेलं. त्यांनी नाखुशीने घेतलं आणि उत्तम केलं.

सहावं वर्ष

लेख पहिल्या नियतकालिकाने परत केला, दुसऱ्याने दोनदा दुरुस्त करून घेतला आणि छापला. प्रश्नावलीवर आधारलेला दुसरा अभ्यास, ज्यात इंटर्नने तीच विधानं दोन्ही पर्यवेक्षकांसाठी वेगवेगळी भरायची होती, अर्जाच्या वेळी परीक्षणातच होता. प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कमी आले होते आणि ते त्यांनी अर्जात झाकलं नाही.

महाविद्यालयाच्या समितीवर वाचनशिक्षण आणि विशेष शिक्षणातले लोक होते. त्यातल्या एकांनी विचारलं की सुपरव्हिजन म्हणजे शिकवणंच ना, मग ते संशोधनात कसं धरायचं? प्रश्न खोडसाळ नव्हता. त्यांच्या विषयात हा शब्द प्रशासकीय देखरेखीसाठी वापरला जातो. प्राध्यापिकांच्या संशोधन-निवेदनात पहिला परिच्छेद याच वाचकासाठी लिहिलेला होता, ज्येष्ठांच्या सांगण्यावरून, आणि प्रमुखांनी तो फक्त वाचून दाखवला. बाहेरच्या तीन परीक्षकांपैकी दोघांची पत्रं भक्कम होती. तिसऱ्याने काम चांगलं पण थोडं असं लिहिलं, आणि ते बरोबरच होतं. एक मत विरोधात पडून टेन्युअर मिळालं.

हुकलेल्या तुलनेचा अर्ज सध्या पुन्हा आयआरबीकडे आहे. या वेळी त्रिकुटातले तिघंही आधी एकत्र बसून संमती देतील, आपल्याबद्दल लिहिलेला भाग छापण्यापूर्वी वाचतील, आणि एकानेही नको म्हटलं तर ते संपूर्ण त्रिकूट वगळलं जाईल. इंटर्नशिप संपून पदवी हाती आल्यावरच इंटर्नला विचारायचं, अशी अट प्राध्यापिकांनी स्वतःहून घातली आहे. समितीने अजून एकच शंका काढली आहे: पदवी मिळाली तरी परवान्यासाठी लागणाऱ्या पुढच्या तासांवर त्याच पर्यवेक्षकाची सही लागणार असेल, तर काय?